कार्डाने पैसे देताना वर दोन टक्के मागितले तर काय करायचं

बिल करून झालं, तुम्ही कार्ड पुढे केलंत आणि समोरचा म्हणाला "कार्डावर दोन टक्के जास्त लागतील", अशा वेळी बहुतेकजण एकतर गुपचूप देऊन टाकतात नाहीतर तावातावाने भांडतात, आणि दोन्हीत नुकसान आपलंच. ते दोन टक्के कधी नियमात बसतात, कधी अजिबात बसत नाहीत, आणि कधी कधी मनाला पटले नाहीत तरी दिलेले परवडतात. यातला आपला प्रकार कुठला हे कार्ड मशीनला लागायच्या आधी कळलं पाहिजे, कारण एकदा पेमेंट झालं की तेच पैसे परत मिळवायला फॉर्म, ईमेल आणि वाट बघणं असं सगळं मागे लागतं. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

हे पैसे जातात कुठे

दुकानदाराला कार्डाचं पेमेंट पूर्ण मिळत नाही हे खरं आहे. तुम्ही हजाराचं बिल कार्डाने दिलं तर त्याच्या खात्यात हजारापेक्षा थोडे कमी जमा होतात, मधली कापलेली रक्कम म्हणजे एमडीआर. त्यात तीन वाटेकरी असतात. एक तुम्हाला कार्ड देणारी बँक, तिच्या वाट्याला इंटरचेंज म्हणतात आणि क्रेडिट कार्डावर सहसा सगळ्यात मोठा वाटा हाच असतो, दुसरं व्हिसा-मास्टरकार्डसारखं नेटवर्क आणि तिसरी दुकानदाराला मशीन देणारी बँक किंवा कंपनी.

आता महत्त्वाची गोष्ट, हा खर्च सगळ्या कार्डांना सारखा नसतो. डेबिट कार्ड स्वस्त पडतं. क्रेडिट कार्ड महाग पडतं, कारण तुम्हाला मिळणारे रिवॉर्ड पॉइंट आणि बिनव्याजी दिवस यांचा बराच खर्च त्या इंटरचेंजमधूनच निघतो. कंपनीच्या नावाची कार्डं आणि परदेशी बँकेची कार्डं साधारणपणे त्याहून महाग. युरोपियन युनियनने डिसेंबर २०१५ पासून साध्या ग्राहकांच्या कार्डांवरच्या इंटरचेंजला मर्यादा घातली, डेबिटला ०.२ टक्के आणि क्रेडिटला ०.३ टक्के. जिथे अशी मर्यादा नाही तिथे क्रेडिट कार्डाचा एकूण खर्च दोन टक्के किंवा त्याच्याही वर जाऊ शकतो. त्यामुळे कुणी "सगळ्या कार्डांना सरसकट तीन टक्के" म्हणत असेल तर डेबिट कार्डवाल्याकडून तो स्वतःच्या खर्चापेक्षा बहुधा बरंच जास्त घेतोय, हे लक्षात ठेवा.

"मशीनला कार्डातला फरक कळत नाही" असंही सांगतात. मशीनला कळतो. कार्ड नंबरचे पहिले सहा किंवा आठ आकडे बँक आणि कार्डाचा प्रकार सांगतात, त्यावरूनच सिस्टीमला समजतं की कार्ड डेबिट आहे, क्रेडिट आहे, प्रीपेड आहे की बिझनेसचं. दुकानदाराच्या मशीनमध्ये ते सेटिंग नसेल तर तो त्याचा आणि मशीन देणाऱ्याचा प्रश्न, त्याची भरपाई डेबिटवाल्याने का करायची?

आणि रोख फुकट असते असंही नाही. नोटा मोजायच्या, सुट्टे आणून ठेवायचे, बँकेत जाऊन भरायच्या, चोरीची आणि खोट्या नोटेची भीती वेगळी. हा सगळा खर्च दुकानदार मुकाट्याने भावात धरतो, कार्डाचा तेवढा वेगळा काढून दाखवतो. यावर दुकानदाराशी हुज्जत घालायची गरज नाही, पण "मला कार्डाचा खर्च पडतो" हे ऐकून आपण लगेच अपराधी वाटून घ्यायचं पण कारण नाही.

मशीनला कार्ड लावायच्या आधी काय विचारायचं

आवाज न चढवता, सरळ. काउंटरवर बसलेल्या माणसाने हा चार्ज ठरवलेला नसतो त्यामुळे त्याच्यावर चिडून उपयोग शून्य, पण उत्तर मात्र त्याच्याकडूनच काढायचंय. मी साधारण असं बोलतो:

"कार्डावर जास्त किती लागतील?"
"दोन टक्के."
"डेबिट असलं तरी?"
"नाही, डेबिटला नाही, क्रेडिटलाच."
"मग हे डेबिट घ्या. स्लिपवर आकडा आधी दाखवाल का?"

एवढ्या चार वाक्यांत बऱ्याच वेळा काम होतं, कारण समोरच्याने पहिल्यांदा नुसतं "कार्डावर" म्हटलेलं असतं आणि दुसऱ्या प्रश्नाला खरं काय ते बाहेर येतं. पाकिटात डेबिट आणि क्रेडिट दोन्ही असतील तर हा प्रश्न विचारल्याशिवाय क्रेडिट कार्ड काढूच नका.

दुसरं विचारायचं ते म्हणजे टक्के कशावर धरलेत. टॅक्स धरून झालेल्या बिलावर, का मूळ रकमेवर, का टिप मिळवून आलेल्या आकड्यावर? टिप द्यायची असेल तर रोख द्या, त्यावर परत टक्के कशाला. बिल मोठं असेल तर अर्धं रोख अर्धं कार्ड असंही करता येतं, टक्के फक्त कार्डावरच्या भागाला लागले पाहिजेत, आणि तसं आधी बोलून घ्या नाहीतर घाईत पूर्ण बिलावर लावून मोकळे होतात.

मग मशीनच्या स्क्रीनवरचा आकडा वाचा. खरंच वाचा. टॅप करायची इतकी सवय झालीय की लोक आकडा न बघताच कार्ड टेकवतात, आणि जादा चार्ज कित्येकदा तोंडाने न सांगता फक्त त्या स्क्रीनवरच मिळवलेला असतो. बिलावर ९४० आणि स्क्रीनवर ९५८.८० दिसत असेल तर तिथेच थांबायचं, कॅन्सलचं लाल बटण असतं आणि पेमेंट पास व्हायच्या आधी ते दाबायला सांगायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

फोनमधल्या वॉलेटने टॅप केलं तर चार्ज चुकतो असा एक समज आहे. चुकत नाही. फोनमागे जे कार्ड जोडलेलं असतं त्याचाच चार्ज लागतो, त्यामुळे फोनमध्ये डिफॉल्ट म्हणून क्रेडिट कार्ड ठेवलं असेल तर ते बदलून डेबिट निवडा आणि मग टॅप करा. काही देशांत एकाच डेबिट कार्डावर दोन नेटवर्क असतात, एक आंतरराष्ट्रीय आणि एक तिथलं देशी. उदाहरणार्थ ऑस्ट्रेलियात व्हिसाचं डेबिट कार्ड मशीनमध्ये घालून सेव्हिंग्ज खातं निवडलं तर पेमेंट एफ्टपॉस या देशी नेटवर्कवरून जाऊ शकतं जे दुकानदाराला सहसा स्वस्त पडतं, आणि काही दुकानांत जादा चार्ज फक्त टॅपवर असतो. तिथे राहणाऱ्यांनी हे जरूर करून बघावं.

नियम कुठे काय आहेत

हा भाग देशागणिक एवढा बदलतो की "कार्डावर चार्ज घेणं बेकायदा आहे" किंवा "कायदेशीर आहे" असं एका वाक्यात सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

युरोपियन युनियनमध्ये १३ जानेवारी २०१८ पासून साध्या ग्राहकाच्या व्हिसा-मास्टरकार्ड डेबिट आणि क्रेडिट कार्डांवर जादा चार्ज घ्यायला बंदी आहे. ब्रिटनमध्येही त्याच तारखेपासून बंदी आली आणि तिथे ती आणखी रुंद आहे, ग्राहकाने पैसे द्यायच्या बाकी पद्धतींनाही लागू होते. पण कंपनीच्या नावाचं कार्ड असेल तर ब्रिटनमध्ये चार्ज लावता येतो, तोही प्रत्यक्ष खर्चाएवढाच. ऑफिसचं कार्ड घेऊन फिरणाऱ्यांना तिथे चार्ज लागला की धक्का बसतो, कारण हे आहे.

अमेरिकेत मामला गुंतागुंतीचा. क्रेडिट कार्डावर बऱ्याच राज्यांत चार्ज चालतो, कनेक्टिकट आणि मॅसॅच्युसेट्समध्ये चालत नाही. व्हिसाने एप्रिल २०२३ पासून आपल्या कार्डांसाठी कमाल मर्यादा ३ टक्के केली आहे. डेबिट आणि प्रीपेड कार्डांवर मात्र नेटवर्कच्या नियमानुसार देशभर कुठेच चार्ज लावायचा नाही, मशीनवर "क्रेडिट" बटण दाबलं तरी नाही. न्यूयॉर्कमध्ये फेब्रुवारी २०२४ पासून दुकानदाराने क्रेडिट कार्डाची पूर्ण किंमत आधीच लिहून दाखवायची असा नियम आहे, म्हणजे शेवटी वरून टक्के चढवायचे नाहीत. हा नियम मला सगळ्यात माणुसकीचा वाटतो, सगळीकडे असाच असायला हवा. ग्राहकाला आकडा आधी दिसला की निम्मे वाद उद्भवतच नाहीत.

कॅनडात ऑक्टोबर २०२२ पासून क्रेडिट कार्डावर चार्ज घ्यायला मोकळीक मिळाली, मर्यादा साधारण २.४ टक्के, क्वेबेक प्रांतात मात्र परवानगी नाही. ऑस्ट्रेलियात २००३ पासून दुकानदारांना परवानगी होती, मग खर्चाच्या दुप्पट-तिप्पट उकळायला लागले म्हणून २०१६-१७ मध्ये "प्रत्यक्ष खर्चापेक्षा जास्त नाही" असा नियम आला, आणि २०२५ मध्ये तिथल्या रिझर्व्ह बँकेने व्हिसा, मास्टरकार्ड आणि एफ्टपॉसवरचे चार्ज बंदच करायचा प्रस्ताव मांडला, त्यामुळे तिकडे जायचं असेल तर त्या वेळचा ताजा नियम बघून घ्या.

भारतात रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना कळवलं होतं की डेबिट कार्डावर दुकानदाराने वर फी घेणं चालणार नाही, आणि डिसेंबर २०१७ च्या परिपत्रकात डेबिटचा एमडीआर ग्राहकाच्या माथी मारला जाणार नाही हे बघायची जबाबदारी परत बँकांवर टाकली. त्याच परिपत्रकाने डेबिटच्या एमडीआरला मर्यादा घातली, छोट्या व्यापाऱ्यांना मशीनवर ०.४० टक्के आणि बाकीच्यांना ०.९० टक्के. १ जानेवारी २०२० पासून रूपे डेबिट कार्ड आणि यूपीआयवर एमडीआर शून्य आहे, म्हणजे रूपे डेबिटवर "दोन टक्के बँक कापते" हे कारण टिकतच नाही. क्रेडिट कार्डाच्या एमडीआरला मात्र अशी मर्यादा नाही.

एक पळवाट सगळीकडे भेटते. जिथे चार्ज घ्यायला बंदी असते तिथेही रोख देणाऱ्याला सूट द्यायला बहुतेक वेळा बंदी नसते. अमेरिकेत काही पेट्रोल पंपांवर म्हणूनच रोखीचा एक आणि क्रेडिटचा एक असे दोन भाव बोर्डावर लावलेले दिसतात. हे दोन्ही भाव आधी दिसत असतील तर त्यात फसवणूक नाही. बोर्डावर एकच भाव असेल आणि काउंटरवर आल्यावर "तो रोखीचा भाव होता" असं सांगत असतील तर ती सूट नव्हे, तो चार्जच, आणि तिथे हटकायचं.

द्यायचे की नाही, हिशोब

समजा बिल १०,००० चं आहे आणि वर २ टक्के, म्हणजे २०० जास्त. तुमच्या कार्डावर १ टक्का रिवॉर्ड मिळतो, ते १०० झाले. क्रेडिट कार्डामुळे पैसे महिनाभर उशिरा जाणार, तेवढ्यात ते ६ टक्के व्याजाच्या खात्यात पडून राहिले तर साधारण ५० मिळतील. एकूण फायदा १५०, खर्च २००, म्हणजे तरीही ५० खिशातून. रिवॉर्डसाठी चार्ज देऊन कार्ड वापरणं सहसा आतबट्ट्याचं असतं, आणि पुढच्या महिन्यात बिल पूर्ण भरणार नसाल तर प्रश्नच मिटला, कार्डाचं व्याज त्या दोन टक्क्यांच्या कितीतरी पुढे जातं.

पण काही वेळा मी चार्ज देऊन मोकळं व्हा असंच म्हणेन. वस्तू किंवा सेवा नंतर मिळणार असेल, म्हणजे महिन्यांनंतरचं विमान तिकीट, आगाऊ बुकिंग, ऑर्डर देऊन बनवून घ्यायचं फर्निचर, तर कार्डाचं संरक्षण खूप मोलाचं आहे. कंपनी बुडाली किंवा माल आलाच नाही तर कार्डवाल्या बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे तो व्यवहार उलटवून पैसे परत, मागता येतो, रोख दिली असेल तर त्या माणसामागे तुम्हीच धावायचं. ब्रिटनमध्ये १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्याचं कलम ७५ आहे, १०० पौंडांपेक्षा जास्त आणि ३०,००० पौंडांपर्यंत किमतीच्या वस्तूसाठी विक्रेत्याइतकीच क्रेडिट कार्ड कंपनीही जबाबदार ठरते, आणि थोडासाच भाग कार्डाने दिला असला तरी पूर्ण किमतीला संरक्षण मिळतं. एरवी चार्जबॅकमध्ये मात्र कार्डाने जेवढे दिले तेवढ्यापुरतंच मागता येतं, त्यामुळे अर्धं रोख देताना याचाही विचार करा.

रोखीचा भाव कमी लावतो पण बिल देणार नाही, अशी ऑफर आली तर सरळ नाही म्हणा. दोन टक्के वाचवायला जाऊन वॉरंटी गेली, बदलून मिळायचा मार्ग गेला आणि टॅक्सचुकवेगिरीत आपलाही हात लागला. रोख देणं ठीक, बिल सोडणं कधीच नाही.

आणि एक मोठा खड्डा. चार्ज चुकवायला म्हणून शेजारच्या एटीएममधून क्रेडिट कार्डाने रोख काढू नका. त्याला कॅश अ‍ॅडव्हान्स म्हणतात, त्यावर वेगळी फी लागते आणि व्याज बहुतेक कार्डांवर पहिल्या दिवसापासून सुरू होतं, बिनव्याजी दिवस त्याला मिळत नाहीत. दोन टक्के वाचवायच्या नादात त्याहून जास्त घालवायचा हा हमखास रस्ता आहे. रोख काढायचीच तर डेबिट कार्डाने आणि आपल्या बँकेच्या एटीएमवर.

ऑनलाइन असेल तेव्हा

इथे चार्ज शेवटच्या पानावर उगवतो, नाव असतं कन्व्हिनियन्स फी किंवा प्रोसेसिंग फी. पेमेंटच्या पानावर आलात की लगेच कार्ड नंबर टाकू नका, आधी एकेक पर्याय निवडून बघा, नेट बँकिंग, डेबिट, क्रेडिट, थेट बँक ट्रान्सफर, आणि प्रत्येक वेळी खालची टोटल बदलते का ते बघा. एका मिनिटाचं काम आहे. काही ठिकाणी सगळ्या पद्धतींना सारखीच फी असते, मग ती कार्डाची फी नसून त्या साइटची फी आहे आणि कार्ड बदलून फरक पडणार नाही. फी प्रत्येक व्यवहाराला ठरावीक रकमेची असेल तर दोन-तीन बिलं एकत्र भरा. टक्क्यांमध्ये असेल तर एकत्र भरून काही वाचत नाही. विमा, देणगी असले आधीच टिक करून ठेवलेले चौकोन काढून टाका, युरोपियन युनियनमध्ये असं आधी टिक करून पैसे घ्यायला कायद्याने मनाई आहे, बाकी ठिकाणी आपलं आपणच बघायचं. टोटल दिसणाऱ्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

परदेशात मशीनने "तुमच्या चलनात देणार का" विचारलं तर

नाही म्हणा. कायम तिथलं स्थानिक चलन निवडा. आपल्या चलनात आकडा दिसला की बरं वाटतं, पण तो रेट दुकानदाराच्या बाजूची कंपनी लावते आणि त्यात तिचा नफा घातलेला असतो, स्थानिक चलन निवडलं तर रेट तुमच्या कार्डाच्या नेटवर्कचा लागतो जो जवळजवळ नेहमीच चांगला असतो. हा जादा चार्ज स्लिपवर चार्ज म्हणून दिसत नाही, रेटमध्ये लपतो, म्हणून तो मला दोन टक्क्यांच्या उघड चार्जपेक्षा जास्त खटकतो. एटीएमवरही हाच प्रश्न येतो, तिथे कन्व्हर्जन नाकारायचं बटण दाबायला लोक घाबरतात की पैसेच मिळणार नाहीत म्हणून, पण पैसे मिळतात, फक्त रेट तुमच्या बाजूचा लागतो. निवड विचारल्याशिवाय परस्पर तुमच्या चलनात टाकलं असेल तर व्यवहार रद्द करून परत करायला सांगा, कारण निवड ग्राहकाला दिलीच पाहिजे असा व्हिसा आणि मास्टरकार्ड दोघांचाही नियम आहे. तुमची स्वतःची बँक परदेशी व्यवहारावर जी फी लावते ती वेगळी, ती निघायच्या आधी बँकेला विचारून ठेवा.

चार्ज घेऊन झाला, आता काय

आधी दुकानातच. मॅनेजरला बोलवा, नियम शांतपणे सांगा, तेवढी रक्कम कार्डावर परत करायला सांगा. बऱ्याचदा दुकानदाराला स्वतःलाच नियम माहीत नसतो, मशीन विकणाऱ्याने "चार्ज ग्राहकावर टाका" सांगितलेलं असतं आणि त्याने टाकलेला असतो.

नाही ऐकलं तर दोन कागद हवेत, दुकानाचं बिल आणि कार्ड मशीनची स्लिप. स्लिपवर एमआयडी म्हणजे दुकानदाराचा नंबर, टीआयडी म्हणजे त्या मशीनचा नंबर, तारीख-वेळ, कार्डाचे शेवटचे चार आकडे आणि मंजुरीचा कोड असतो. बऱ्याच स्लिपा उष्णतेने छापणाऱ्या कागदावर असतात आणि काही महिन्यांत पांढऱ्याफटक होतात, म्हणून त्याच दिवशी फोटो काढा. चार्ज बिलात वेगळ्या ओळीत दाखवलेला असेल तर पुरावा तयारच आहे, नसेल तर बिलाची रक्कम आणि स्लिपची रक्कम शेजारी शेजारी ठेवून फरक दाखवा.

तक्रार तुमचं कार्ड ज्या बँकेचं आहे तिच्याकडे लेखी करा. "दुकानदाराने फसवलं" एवढंच लिहू नका, असं लिहा की अमुक तारखेला अमुक एमआयडीच्या मशीनवर डेबिट कार्डाने पैसे दिले, बिल इतकं, कापले इतके, वरची रक्कम नियमात बसत नाही, परत मिळावी. मुदत पाळा, अमेरिकेत क्रेडिट कार्डाच्या बिलातल्या चुकीसाठी स्टेटमेंट पाठवल्यापासून ६० दिवसांत लेखी कळवावं लागतं, बाकी ठिकाणी तुमच्या बँकेला पहिल्याच फोनला मुदत विचारा आणि तक्रार क्रमांक घ्या. भारतात बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. ब्रिटनमध्ये चार्जची तक्रार ट्रेडिंग स्टँडर्ड्स या ग्राहकांच्या तक्रारी बघणाऱ्या सरकारी खात्याकडे जाते, ऑस्ट्रेलियात एसीसीसी या ग्राहक आणि स्पर्धा आयोगाकडे.

वस्तू परत केली तर रिफंडमध्ये कार्डाचा चार्जही आलाय का ते तपासा. अमेरिकेत व्हिसाच्या नियमानुसार तोही त्या प्रमाणात परत करावा लागतो, इतर ठिकाणी विकत घेतानाच "परत केलं तर हे दोन टक्के पण परत देणार ना" असं विचारून बिलावर लिहून घ्या, तेव्हा दुकानदार तयार असतो.